एका अबोल नागरिकाचा खटला

(नभोवाणीवरील भाषण)

नागरिक स्वातंत्र्यासाठीं झगडणाऱ्या माणसाचें नांव निघालें, कीं आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा नामांकित वकील, नाहीं तर सभा गाजविणारा पुढारी उभा राहतो. आज ज्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तो यांपैकीं कोणीच नव्हता. फुलझाडांचा मळा करणाऱ्या एका कुटुंबांतला तो मुलगा. लोखंडाला लोखंड जोडण्याचें, म्हणजे वेल्डरचें, काम करून तो पोट भरीत असे. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं, पक्ष काढला नाहीं, आणि स्वभावानें तो अबोल होता. त्याच्या हातून घडलेलें कार्य एका वाक्यांत सांगतां येईल. सरकारनें घर सोडून जा म्हटलें तेव्हां तो गेला नाहीं, आणि 'माझा अपराध काय?' हा प्रश्न त्यानें चाळीस वर्षें मनांतून जाऊं दिला नाहीं. त्याचें नांव फ्रेड कोरेमात्सू.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया संस्थानांत, ओकलंड नांवाचें शहर आहे. तेथें ३० जानेवारी १९१९ रोजीं फ्रेडचा जन्म झाला. आईबाप जपानांतून आलेले. चार भावांत हा तिसरा. घरीं त्याचें नांव तोयोसाबुरो. परंतु तें शाळेंत कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तेथें त्याला फ्रेड म्हणूं लागले, आणि तेंच नांव कायम झालें. येथें त्या काळच्या कायद्याची एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. जपानांतून आलेल्या माणसाला अमेरिकेचें नागरिकत्व मिळूंच शकत नसे, मग तो तेथें तीस वर्षें राहिलेला कां असेना. त्याचीं तेथें जन्मलेलीं मुलें मात्र जन्मानेंच नागरिक ठरत. एकाच छपराखालीं आईबाप परके आणि मुलें देशाचीं, अशी ही चमत्कारिक स्थिति होती. फ्रेड स्वतःला अमेरिकन समजे; आणि कायदाही त्याला अमेरिकनच समजत होता.

७ डिसेंबर १९४१ हा रविवार होता. फ्रेड आपल्या मैत्रिणीबरोबर ओकलंडच्या टेकड्यांवर फिरावयास गेला होता. तेथें रेडिओवर बातमी आली, कीं जपाननें हवाई बेटांतील पर्ल हार्बरवर विमानहल्ला केला आहे. त्या घटकेपासून पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या माणसाकडे शेजारीपाजारी निराळ्याच नजरेनें पाहूं लागले. फ्रेडची जहाजांच्या गोदींतली नोकरीही त्याच सुमारास वंशापायीं गेली. सैन्यांत जाण्याचा प्रयत्न त्यानें युद्धापूर्वींच करून पाहिला होता. तेथेंही त्याला घेतलें नव्हतें.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजीं अध्यक्ष फ्रँकलिन रूझव्हेल्ट यांनीं ९०६६ क्रमांकाचा हुकूमनामा काढला. त्यांत जपानी हा शब्दसुद्धां नव्हता. सेनाधिकाऱ्यांनीं लष्करी महत्त्वाचे प्रदेश ठरवावे आणि तेथून वाटेल त्या व्यक्तीस दूर करावें, एवढाच अधिकार त्यानें दिला होता. पश्चिम किनाऱ्याचे सेनापति जनरल जॉन डिविट यांनीं हा अधिकार जपानी वंशाच्या सर्वांवर सरसकट चालविला. आधीं रात्रीं घराबाहेर पडण्यास बंदी झाली. मग एकेका वस्तीला निघून जाण्याचे हुकूम लागूं लागले. हातांत मावेल तेवढें सामान घ्यावें, ठरल्या जागीं हजर व्हावें, आणि नेतील तेथें जावें. घरें, दुकानें, शेतें मिळेल त्या किंमतीला विकलीं गेलीं, नाहीं तर तशींच टाकून द्यावीं लागलीं. अशा रीतीनें सुमारें १,२०,००० माणसें कांटेरी तारेच्या आंत गेलीं. त्यांपैकीं जवळजवळ दोन तृतीयांश जन्मानें अमेरिकन नागरिक होतीं. त्यांत म्हातारीं होतीं, तान्हीं मुलें होतीं. कोणावरही आरोप ठेवला नाहीं. कोणाचीही चौकशी झाली नाहीं.

आतां एक विरोध पाहा. बाँब पडले ते हवाई बेटांवर. तेथील वस्तींत एक तृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे होते. तेथें असें सरसकट स्थलांतर झालें नाहीं, कारण एवढी माणसें हलविलीं असतीं तर तेथील सारे व्यवहारच थांबले असते. जर्मनी आणि इटली यांच्याशींही युद्ध चालूं होतें. पण त्या वंशाच्या नागरिकांना सरसकट कोणी उचललें नाहीं. फ्रेडची मैत्रीण ही इटालियन वंशाची होती. दोघेंही शत्रुराष्ट्रांतून आलेल्या आईबापांच्या पोटीं जन्मलेलीं, दोघेंही अमेरिकन. तिनें खुशाल घरीं राहावें आणि त्यानें छावणींत जावें, असा हा न्याय होता.

ओकलंडच्या आसपासच्या भागासाठीं ३४ क्रमांकाचा हुकूम निघाला. ९ मे १९४२ च्या दुपारीं बारानंतर तेथें जपानी वंशाचा माणूस दिसतां कामा नये, असें त्यांत होतें. आईबाप आणि भाऊ मळ्याला कुलूप लावून गेले. फ्रेड मागें राहिला. मैत्रिणीला घेऊन देशाच्या आंतल्या भागांत जावें, असा त्याचा बेत होता. त्यानें डोळ्यांच्या पापण्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली; तिचा उपयोग झाला नाहीं. त्यानें क्लाइड सारा असें खोटें नांव घेतलें आणि आपण स्पॅनिश व हवाई वंशाचे आहोंत, असें सांगूं लागला. हें मी मुद्दाम झांकून ठेवीत नाहीं. थोर पुरुषाच्या चरित्रांत असले प्रसंग गाळण्याची आपली रीत आहे; परंतु तेवीस वर्षांचा हा मुलगा तत्त्वासाठीं नव्हे, तर प्रेमासाठीं आणि नेहमींसारखें जगतां यावें यासाठीं मागें राहिला होता. नेहमींसारखें जगतां यावें, हाच तर नागरिकाचा पहिला हक्क! तो बजावण्यासाठीं माणूस अगोदर हुतात्मा असावा लागत नाहीं.

३० मे १९४२ रोजीं सॅन लिअँड्रो गांवच्या एका रस्त्याच्या कोपऱ्यावर पोलिसांनीं त्याला पकडलें. मग खरें नांव बाहेर येण्यास वेळ लागला नाहीं. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या तुरुंगांत एके दिवशीं एक अनोळखी गृहस्थ त्याच्या भेटीस आले. त्यांचें नांव अर्नेस्ट बेझिग. अमेरिकन नागरिक स्वातंत्र्य संघाच्या उत्तर कॅलिफोर्निया शाखेचे ते चालक. या हुकुमाची कायदेशीर कसोटी पाहावयास तयार असा नागरिक ते शोधीत होते. खटला वरपर्यंत लढविण्यास तुझी तयारी आहे काय, असें त्यांनीं विचारलें. फ्रेडनें होकार दिला. प्रेमासाठीं मागें राहिलेला तरुण त्या क्षणीं तत्त्वासाठीं उभा राहिला.

या होकाराचें मोल समजण्यासाठीं त्याचें एकटेपण लक्षांत घेतलें पाहिजे. खुद्द त्या संघाच्या राष्ट्रीय मंडळानें ठरविलें होतें, कीं रूझव्हेल्ट यांच्या मूळ हुकूमनाम्याला आव्हान देऊं नये. बेझिग यांनीं तरीही खटला सोडला नाहीं. त्यांनीं पांच हजार डॉलरचा जामीन भरला. पण फ्रेड मोकळा होतो न होतो तोंच सैनिकी पोलिसांनीं त्याला पुन्हां धरलें आणि टॅनफोरानला नेलें. टॅनफोरान हें घोड्यांच्या शर्यतींचें मैदान. तेथील तबेल्यांना वरवर चुना फांसून त्यांत कुटुंबें ठेवलीं होतीं. यापेक्षां तुरुंग बरा होता, असें तो पुढें सांगत असे. तेथेंही त्याच्या पाठीवर हात ठेवणारे थोडे. निमूटपणें हुकूम पाळून आपली राजनिष्ठा सिद्ध करावी, असें छावणींतील बहुतेकांचें मत होतें. या पोरानें कोर्टकचेरी करून आपल्यावर आणखी राग ओढवूं नये, असें त्यांना वाटे. भीतीनें ग्रासलेल्या समाजांत अन्यायाविरुद्ध उभा राहणारा माणूस प्रथम आपल्याच माणसांना नकोसा होतो.

सप्टेंबर १९४२ मध्यें खालच्या न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें. पांच वर्षें देखरेखीखालीं राहावें, अशी शिक्षा झाली; आणि तेथून त्याची रवानगी युटा संस्थानांतील वाळवंटांत टोपाझच्या छावणींत झाली. खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयांत गेला. १८ डिसेंबर १९४४ रोजीं निकाल लागला. नऊ न्यायाधीशांपैकीं सहांनीं सरकारच्या बाजूनें कौल दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांनीं लिहिला. केवळ वंशावरून घातलेलें बंधन संशयास्पद मानून त्याची अत्यंत कसून तपासणी केली पाहिजे, हें तत्त्व त्यांनीं मान्य केलें. परंतु तपासणी मात्र केली नाहीं. स्वारीचें भय होतें, निष्ठावान कोण आणि फितूर कोण हें निवडण्यास वेळ नव्हता, असें सेनाधिकारी म्हणतात. तेव्हां तें मानलें पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता.

तिघांनीं विरुद्ध मत नोंदविलें. न्यायमूर्ति रॉबर्टस यांनीं सांगितलें, कीं या माणसाला शिक्षा होत आहे ती केवळ पूर्वजांच्या वंशामुळें. न्यायमूर्ति मर्फी यांनीं या कृत्याला स्पष्टपणें वंशद्वेष म्हटलें. आणि न्यायमूर्ति जॅक्सन यांनीं एक दूरदृष्टीचा इशारा दिला. लष्करी हुकूम संकटाबरोबर संपून जातो. पण न्यायालयानें एकदां त्याला योग्य ठरविलें, म्हणजे तें तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखें पडून राहतें, आणि पुढें कोणीही अधिकारी निकडीचें निमित्त सांगून ती उचलूं शकतो, असा त्या इशाऱ्याचा भावार्थ होता. त्याच दिवशीं मित्सुये एंडो या तरुणीच्या खटल्यांत न्यायालयानें दुसराही निकाल दिला, कीं जिची निष्ठा सरकारलाच मान्य आहे अशा नागरिकाला डांबून ठेवतां येत नाहीं. छावण्यांचीं दारें त्यानंतर उघडत गेलीं. पण फ्रेडच्या नांवावरचा डाग तसाच राहिला.

तो डेट्रॉइटला जाऊन काम करूं लागला. तेथें कॅथरीन नांवाच्या तरुणीशीं १९४६ मध्यें त्याचा विवाह झाला. ती गोरी आणि हा जपानी वंशाचा. असल्या विवाहास त्या वेळीं कॅलिफोर्नियांत कायद्यानें बंदी होती. ती बंदी १९४८ मध्यें उठली, आणि पुढील वर्षीं हीं दोघें ओकलंडच्या बाजूस परतलीं. एक मुलगी, एक मुलगा झाला. घरीं खटल्याचा शब्द निघत नसे. मुलगी कॅरेन शाळेंत शिकत असतां वर्गांतील एका मैत्रिणीनें एका पुस्तकाचा सारांश वाचून दाखविला; त्यांत 'कोरेमात्सू खटला' असा उल्लेख आला, तेव्हां आपल्या बापानें काय केलें होतें हें त्या मुलीला कळलें! घरीं येऊन तिनें विचारलें. ती फार जुनी गोष्ट आहे. मला जें योग्य वाटलें तें मी केलें, आणि सरकारची चूक होती, एवढेंच उत्तर तिला मिळालें.

ती चूक होती याचा पुरावा सरकारच्याच कपाटांत पडून होता. १९८१-८२ च्या सुमारास पीटर आयरन्स नांवाचे कायद्याचे अभ्यासक या खटल्यांचे जुने कागद चाळीत होते. स्वतः ते लष्करी नोकरीस नकार दिल्याबद्दल तुरुंग भोगून आलेले. न्यायखात्याच्या पेट्यांत त्यांना एडवर्ड एनिस व जॉन बर्लिंग या सरकारी वकिलांचीं टिपणें सांपडलीं. किनाऱ्यावरील जपानी लोक रेडिओवरून शत्रूच्या जहाजांस खुणा करतात, असें जनरल डिविट यांच्या अहवालांत सुचविलेलें होतें. रेडिओखात्यानें तर प्रत्येक तक्रारीचा माग काढला होता, आणि एकही बेकायदा प्रक्षेपण आढळलें नाहीं, असें कळविलें होतें. नौदलाच्या हेरखात्यांतील जाणत्या अधिकाऱ्याचें मत होतें, कीं संशयित थोडे आहेत आणि व्यक्तिशः चौकशी करून ते निवडतां येतील. हें न्यायालयापुढें ठेवलें नाहीं तर पुरावा दडपल्यासारखें होईल, असें एनिस यांनीं आपल्या वरिष्ठांस बजावलें होतें. तरीही तें न्यायालयापर्यंत पोंचलें नाहीं.

दुसरा पुरावा आयको हर्झिग-योशिनागा या बाईंच्या हातीं लागला. त्या स्वतः तरुणपणीं छावणींत राहिलेल्या. राष्ट्रीय दफ्तरखान्यांत चिकाटीनें शोध करतांना त्यांना डिविट यांच्या अहवालाची मूळ प्रत मिळाली. छापील अहवालांत म्हटलें होतें, कीं निष्ठावान व फितूर निवडण्यास वेळ नव्हता. मूळ प्रतींत मात्र निराळेंच होतें: वेळ कितीही मिळाला असता तरी या वंशाचीं माणसें निवडतां येणारच नाहींत, असें जनरलसाहेबांचें मत होतें. म्हणजे प्रश्न वेळेचा नव्हता, वंशाचा होता. युद्धखात्यानें मजकूर बदलला आणि जुन्या प्रती जाळल्या. एक प्रत राहून गेली, आणि तिनें चाळीस वर्षांनीं साक्ष दिली.

आयरन्स ते कागद घेऊन कोरेमात्सू यांच्या घरीं गेले. ज्याला आपण आतांपर्यंत फ्रेड म्हणत आलों, तो आतां साठी ओलांडलेला गृहस्थ झाला होता. तेव्हां यापुढें आपणही त्यांचा उल्लेख आदरानें करूं. त्यांनीं कागद शांतपणें वाचले, आणि माझे वकील व्हाल का, असें विचारलें. डेल मिनामी यांच्या नेतृत्वाखालीं तरुण वकिलांचा एक संच उभा राहिला. त्यांपैकीं कित्येकांचे आईबाप त्या छावण्यांतून बाहेर आलेले होते. एकानेंही फी घेतली नाहीं. सत्य दडवून निकाल मिळविलेला असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावरही त्याच न्यायालयाकडे दाद मागतां येते, अशी एक जुनी व क्वचित् वापरली जाणारी वाट कायद्यांत आहे. त्या वाटेनें १९८३ च्या जानेवारींत अर्ज दाखल झाला. सरकारनें माफी देऊं केली. कोरेमात्सू यांनीं ती नाकारली. माफी अपराध्याला द्यावयाची असते. येथें अपराधी कोण, हाच तर वाद होता.

१० नोव्हेंबर १९८३ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या न्यायालयांत न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांच्यासमोर काम चाललें. सभागृह वृद्ध स्त्रीपुरुषांनीं भरून गेलें होतें. त्यांनींही त्या छावण्या भोगल्या होत्या. कोरेमात्सू उठले आणि थोडकेंच बोलले. सरकारनें आपली चूक कबूल करावी, आणि वंश, धर्म वा वर्ण यांवरून कोणत्याही नागरिकावर असा प्रसंग पुन्हां येणार नाहीं असें पाहावें, एवढीच त्यांची मागणी होती. न्यायाधीशांनीं तेथल्या तेथें जुना निर्णय रद्द केला. एकेचाळीस वर्षांपूर्वीं लागलेला गुन्हेगारीचा डाग त्या दिवशीं पुसला गेला.

यानंतर या अबोल माणसाला कंठ फुटला. गांवोगांवच्या शाळांतून आणि विद्यापीठांतून ते बोलत फिरले. १९८८ मध्यें अमेरिकन लोकसभेनें कायदा करून छावण्यांतील हयात माणसांची क्षमा मागितली आणि प्रत्येकीं २०,००० डॉलर भरपाई दिली. १९९८ मध्यें अध्यक्ष क्लिंटन यांनीं कोरेमात्सू यांना राष्ट्राचें सर्वोच्च नागरी पदक अर्पण केलें. पण पदक घेऊन ते स्वस्थ बसले नाहींत. सप्टेंबर २००१ च्या भयंकर हल्ल्यानंतर मुसलमान व अरब लोकांकडे संशयानें पाहिलें जाऊं लागलें, आणि ग्वांटानामो येथें माणसें चौकशीविना अडकून पडलीं. तेव्हां चौऱ्याऐंशी वर्षांच्या या वृद्धानें त्यांच्या हक्कांसाठीं सर्वोच्च न्यायालयापुढें आपल्या नांवानें निवेदन सादर केलें. ते लोक त्यांच्या वंशाचे नव्हते, धर्माचे नव्हते. मला वाटतें, त्यांच्या चरित्राचा कळस कोणता म्हणाल, तर तो हाच. स्वतःवरील अन्यायासाठीं पुष्कळ लोक भांडतात. तोच अन्याय दुसऱ्यावर होऊं लागला म्हणजे उठणारे विरळा. ३० मार्च २००५ रोजीं ते निवर्तले.

आणि ती भरलेली बंदूक? २०१८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कोरेमात्सू खटल्याचा निकाल पहिल्या दिवसापासूनच चुकीचा होता, असें अखेर लिहिलें. परंतु तें लिहिलें त्याच निकालपत्रांत, कांहीं मुख्यतः मुसलमान देशांतील लोकांवरची प्रवेशबंदी न्यायालयानें कायम केली. आणि राष्ट्राच्या सुरक्षिततेचें नांव घेतांच मान तुकविण्याची जुनीच चूक पुन्हां होत आहे, असें विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ति सोतोमायोर यांनीं बजावलें.

श्रोतेहो, ही परदेशची गोष्ट म्हणून आपण कानाआड करूं नये. १९६२ मध्यें चीननें आपल्यावर आक्रमण केलें, तेव्हां आसाम, दार्जिलिंग इत्यादि भागांतून सुमारें ३,००० चिनी वंशाचीं माणसें उचलून राजस्थानांतील देवली येथील छावणींत ठेवलीं गेलीं. त्यांत याच भूमींत जन्मलेलीं, येथल्याच भाषा बोलणारीं माणसें पुष्कळ होतीं. त्यांच्यावरही खटला चालला नाहीं. कित्येकांना घरीं परतण्यास वर्षें लागलीं. आपल्यापैकीं किती जणांनीं त्यांची हकीकत ऐकली आहे?

संकटाच्या काळीं सरकारला जादा अधिकार लागतात, हें शहाणा माणूस नाकारणार नाहीं. पण अधिकार जेवढा मोठा, तेवढी त्याची विचारपूस अधिक झाली पाहिजे. १९४४ सालीं सर्वांनीं मिळून एकच प्रश्न विचारावयाचा ठेवला होता: पुरावा कोठें आहे? सेनापतीनें सांगितलें, मंत्र्यांनीं मानलें, न्यायालयानें मान डोलाविली, आणि शेजाऱ्यांनीं खिडक्या लावून घेतल्या. शेजारच्या घराला कुलूप लागतांना पाहून हा प्रश्न ज्याच्या मनांत येईल, त्यानें तो मोठ्यानें विचारावा. त्यासाठीं वक्ता असावें लागत नाहीं. एका अबोल वेल्डरनें तो विचारून दाखविला आहे.